मागच्या टोकाकडून

"कुठल्या टोकाकडून सुरुवात करायची, सिद्राम?" केंजळे सरांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. मागच्या टोकाकडे.

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि सोलापूरचं ऊन तेव्हाच डोक्यात शिरायला लागलं होतं. आम्ही तिघं होतो. सर, मी आणि पुरवठा खात्यानं सोबत दिलेला एक कारकून, ज्याला लवकर जेवायला जायचं होतं. समोर बारामाग गल्ली. सोळा घरं, मधून उघडं गटार, दारादारात सुपं मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका.

"पुढून घेऊया की," कारकून म्हणाला. "रस्त्याकडनं एक नंबर सुरू होतोय."

"नाही. सिद्राम म्हणतो तसं," सर म्हणाले. "तो आतला माणूस आहे."

आतला माणूस. हे ऐकलं की माझी छाती फुगायची. त्या दिवशीही फुगली.

मी त्याच गल्लीत वाढलो होतो. आईबाप गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. थोरल्या बहिणीनं, नागव्वाअक्कानं, मला सांभाळलं. तिचा नवरा तिला आणि तान्ह्या पोरीला टाकून निघून गेला, तरी तिनं मला टाकलं नाही. दहावीत नापास झालो, यंत्रमागावर लागलो, आणि पाळी सुटली की नगरपालिकेच्या वाचनालयात जाऊन बसायचो. पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून जायला लागलो, मग वाचायची चटक लागली. एकदा पेपरात गरिबीवर एका प्राध्यापकाचा लेख आला. मी पोस्टकार्ड टाकलं : 'तुम्ही माग मोजलेत, मागावरची माणसं मोजायची राहिली.' पंधरा दिवसांनी उत्तर आलं, 'मग या आणि मोजायला मदत करा.'

ते डॉ. उल्हास केंजळे. पुण्याच्या एका संस्थेत राज्यशास्त्राचे प्राध्यापक. सगळं आयुष्य एकाच विषयाला दिलेलं : पैसा मूठभरांकडे का साचतो आणि सरकारची योजना गरिबाच्या दारापर्यंत का पोचत नाही. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. गावोगाव हिंडताना ते आमच्याबरोबर सतरंजीवर झोपायचे, आमच्या ताटातलं खायचे. एकही फॉर्म त्यांनी कधी मनानं भरला नाही आणि आम्हाला भरू दिला नाही. "एक फॉर्म बदलला की सगळे फॉर्म खोटे," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ होतं.

चार वर्षं मी त्यांच्याकडे होतो. महिन्याला पगार मिळायचा. आमच्या गल्लीत तेव्हा कुणालाच महिन्याचा पगार नव्हता.

मागच्या टोकाकडून सुरू करायचं हे ठरलं होतं पुण्यातल्या कॅन्टीनमध्ये. सर त्या दिवशी खचलेले होते. मुंबईच्या सरकारी समितीनं त्यांची दारिद्र्याची यादी परत पाठवली होती. सरकारी पाहणीत घरं रिकामी दिसतात आणि बाजारात टीव्ही-मिक्सर खपतच असतात, मग तुमच्या यादीवर विश्वास कसा ठेवायचा, असं समितीचं म्हणणं. टेबलाभोवती पीएचडी करणारी पोरंपोरी इंग्रजीतून काथ्याकूट करत होती. मला निम्मं कळत नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"सर, आमच्या गल्लीत पाहणीवाला पुढनं येतो, तेव्हा सामान मागनं जातं."

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी वही उघडली. "नीट सांग."

मी सांगितलं. चेकाळून सांगितलं. आदल्या दिवशी वॉर्डात नोटीस लागते. पहाटे सगळ्या घरांतलं नजरेत भरणारं सामान शेवटच्या टोकाला, बंद माग-कारखान्यात जाऊन पडतं. पाहणीवाला एक नंबरपासून लिहीत येतो. निम्मी गल्ली झाली की तपासून झालेल्या घरांत सामान मागच्या दारानं परत. तो शेवटाला पोचतो तेव्हा कारखान्यात फक्त कबुतरं.

"म्हणजे उलटीकडून सुरुवात केली तर?" सर म्हणाले.

"सगळं एकाच जागी सापडंल, सर."

ते माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात माझं बोलणं कुणी पहिल्यांदा लिहून घेतलं होतं. ते इंग्रजी बोलणारे सगळे माझ्याकडे बघत होते. त्या एका मिनिटासाठी मी गल्ली विकली, आणि विकली हेसुद्धा मला कळलं नाही.

अक्काची मला काळजी नव्हती. तिच्या घरात लपवण्यासारखं काही नव्हतंच. आणि तिचं पिवळं रेशनकार्ड राहायलाच हवं होतं, कारण लीला त्या कार्डावर जगत होती. लीला म्हणजे अक्काची पोरगी, एकोणीस वर्षांची, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला मशीनवर चढवायचे. पिवळं कार्ड असेल तर धर्मादाय दवाखान्यात हे फुकट. कार्ड नसेल तर घरी घेऊन जा आणि वाट बघा, असं तिथल्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

मी पुण्याहून आलो की सरळ दवाखान्यात जायचो. अक्का तिथंच भेटायची, डबा तिथंच खायचो, परतीची एसटी धरायचो. चार वर्षांत गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. बरं वाटायचं नाही तिथं, असं मी तेव्हा म्हणायचो. खरं कारण लाज.

तर आम्ही वळसा घालून मागच्या टोकाला आलो. आणि मी थांबलो.

कारखाना नव्हता. भिंत नव्हती, पत्रा नव्हता. मोकळं मैदान, बाभळी, डुकरं, कुणीतरी जागा विकत घेऊन मारलेला बोर्ड. आणि मैदानाला लागून पहिलं दार अक्काचं.

"कुठाय तुझा कारखाना?" सरांनी विचारलं.

"होता, सर. इथंच होता."

"ठीक आहे. याच घरापासून घेऊ." त्यांनी कडी वाजवली.

दार उघडायला वेळ लागला. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग अक्का दारात आली. पदराला तंबाखूचा वास, हाताला भुकटी. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"शिदू! आरं, आज बुधवार हाय की. तू कसा काय..." मग तिला सर दिसले, मग कारकुनाच्या हातातले फॉर्म. हसू तिथंच थांबलं.

"बहीण?" सरांनी मला हळूच विचारलं.

"होय."

"मग तू लिहू नकोस. मी लिहितो."

आत खोली एकच. खाटेवर लीला, गळ्यापर्यंत चादर. डोळे तेवढे मोठे राहिले होते. खाटेशेजारी जमिनीवर आणखी एक माणूस वाकळ पांघरून झोपलेलं, डोक्यापासून पायापर्यंत.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"आत्या हाय माझी. हत्तूरची. बरं न्हाई तिला."

आम्हाला आत्या नाही.

सरांनी नीट बघितलं. "बाई, तुमच्या आत्याबाईंची वायर बाहेर आलीय."

लीला फसकन हसली. हसताना तिला धाप लागली. सरांनी वाकळ उचलली. तीन टीव्ही, ओळीनं, काचा वर करून. एकावर तिरुपतीचं स्टिकर, एकाला चिकटपट्टी, एकाच्या कोपऱ्यावर लहान पोराचे दात उमटलेले. खाटेखाली पाच मिक्सर. न्हाणीच्या आडोशाला दोन कूलर. आणि कोपऱ्यात, साडीचा पडदा टाकून, एक बुटका फ्रीज. चालू. गुरगुरत होता.

मला सगळं एका क्षणात कळलं. कारखाना पाडला, मग सामान ठेवायला जागा उरली ती एकच. जिच्या घरात काही नाही, जी कधी नाही म्हणत नाही, आणि जिचं दार मैदानाकडे उघडतं.

"हे कुणाचं आहे?" सर म्हणाले.

"माझंच की."

"तीन टीव्ही?"

"आवड हाय मला."

"आणि पाच मिक्सर?"

"शेंगाचटणी करतो आमी. लई खपतीय."

"बाई," सर खाली बसले, अगदी तिच्या समोर, जमिनीवर. "हे तुमचं असं मी लिहिलं तर तुमचं पिवळं कार्ड जाईल. कुणाचं आहे ते सांगितलंत तर तुमचं राहील. फॉर्ममध्ये तसा रकाना आहे. मीच घालून घेतलाय, तुमच्यासारख्यांसाठीच."

अक्कानं लीलाकडे बघितलं. मग फ्रीजकडे. "माझंच हाय," ती म्हणाली.

एवढ्यात पुढच्या दारात माणसं जमली. बातमी गेली होती. कुणी आत येईना, कुणी जाईना. इस्माईलमामा रिक्षावाले, डोक्यावर जाळीची टोपी. बालामणी, जिनं मला अक्का विडी कारखान्यात विड्या द्यायला गेल्यावर दुपारचं जेवू घातलेलं. अकरा घरांची माणसं. सगळे माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. मी वाचवायला आलोय असं त्यांना वाटत होतं. आपला शिदू सायबाबरोबर हाय, आता भ्यायचं कारण न्हाई.

"शिदू, पोटाला खाल्लास का?" बालामणीनं दारातूनच विचारलं. "किती वाळलायस बे. साहेब, च्या टाकू?"

"नको," सर म्हणाले. "बाई, रेशनकार्ड दाखवा."

अक्कानं देवाच्या फोटोमागून कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोरा. सरांनी नावं उतरवायला घेतली. "नागव्वा. शिवलीला." पेन थांबलं. ते थांबलेलं पेन मला अजून दिसतं.

"सिद्राम शिवप्पा हत्तुरे. भाऊ."

कारकुनानं मान वर केली. सरांनी कार्ड मिटलं, उभे राहिले, आणि मला मागच्या दारानं मैदानात घेऊन गेले.

"तुला पगार कोण देतं, सिद्राम?"

"तुम्ही."

"म्हणजे या घरात महिन्याचा पगार घेणारा माणूस आहे. चार वर्षं. टीव्ही सोड, मिक्सर सोड. हे कार्ड मुळातच बसत नाही." ते ओरडत नव्हते. "आणि तू मला सांगितलं नाहीस."

काय सांगणार होतो? मी अक्काला दोनदा म्हणालो होतो, माझं नाव कापून टाकतो. ती म्हणायची, "राहू दे रे. कार्ड बघितलं की तू घरात हाईस असं वाटतंय." मीही राहू दिलं. तिचं मन राखायला, असं मी स्वतःला सांगायचो. पण मी रोज ते रकाने भरत होतो. नोकरदार असल्यास कुटुंब अपात्र. दुसऱ्यांच्या घरात हजारदा खूण केली. आपल्या घराची आठवण झाली की पान उलटायचो.

अकरा घरांनी अक्काकडे सामान लपवलं होतं. मला तर तिनं कार्डावरच लपवलं होतं.

"सर, पोरगी मरंल," मी म्हणालो. "मशीन बंद झालं तर आठ दिवस बी न्हाई राहायची. तुम्ही बघितलंत तिला."

"बघितलं."

"मग माझं नाव नका लिहू. एवढं एक."

"परवा मुंबईत समितीसमोर हीच गल्ली ठेवायचीय मला. माझाच माणूस खोट्या कार्डावर निघाला असं कळलं तर काय राहील? सात वर्षांचं काम जाईल. मी का करतोय हे? यादीत जागा ठरलेल्या आहेत, सिद्राम. एक खोटा बसला की एक खरा बाहेर राहतो. त्या बाहेरच्याच्या घरातही एखादी लीला असेल. तिची बाजू कोण घेणार?"

आज मला याचं उत्तर येतं. यादीतल्या जागा कुणी ठरवल्या, हे आम्ही एकाही फॉर्मवर विचारलं नाही. अमुक इतकेच गरीब असतील, असं वर कुणीतरी पंख्याखाली बसून ठरवलं, आणि आम्ही खाली येऊन मिक्सर मोजत बसलो. पण त्या दिवशी हे सुचलं नाही. त्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसलो. डुकरांच्या घाणीत बसलो. त्यांचा पाय धरला.

"ऊठ," ते म्हणाले. "ऊठ. मला हे नको करायला लावूस."

मग त्यांनी भरलेला फॉर्म चारदा फाडला आणि तुकडे खिशात घातले. चापाच्या पाटीवर नवीन फॉर्म लावला. 'कुटुंबातील व्यक्ती' या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं : दोन.

एकही फॉर्म न बदलणाऱ्या माणसानं फॉर्म बदलला.

"हे मी केलं," ते म्हणाले. "कारकुनाचं मी बघतो. पण आत अकरा वस्तू आहेत. कारकुनानं मोजल्यात. त्या कुणाच्या तरी असायलाच हव्यात. तिच्या असतील तर कार्ड गेलं. तुझ्या म्हणशील तर तू कोण हे उघडं पडेल, आणि तरीही कार्ड गेलं." त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. "कुणाचं काय आहे हे तुला माहीत आहे. तू लिही. मी सही करतो."

"मी?"

"तूच म्हणाला होतास ना, सगळं एकाच जागी सापडेल."

मी आत गेलो. अक्का जमिनीवर बसली होती, लीलाचा हात हातात. तिनं पाटी बघितली आणि तिला कळलं. शाळा न शिकलेली बाई, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं वाचता यायचं.

ती उठली आणि कागदावर पंजा ठेवला. "न्हाई लिवायचं."

"अक्का, लीलाचं बघ."

"लीलाचंच बघायलोय मी. मंगळवारी तिला दवाखान्यात कोण न्हेतंय? तू? इस्माईल न्हेतोय. दोन वरसं झाली, एक पैसा घेतला न्हाई. मी तिच्यापाशी बसलो की माझ्या हजार विड्या कोण वळतंय? बालामणी. न्हाईतर विडी कारखान्यातलं माझं नाव कवाच गेलं असतं. रगत कुणी दिलं? विचार की तुझ्या सायबाला, लिवायला रकाना हाय का त्याला?"

"कार्ड गेलं तर रिक्षा कुठं घेऊन जाणार, अक्का?"

तिचा पंजा कागदावर तसाच होता, तंबाखूनं पिवळा पडलेला. मी तो बाजूला केला. एकेक बोट धरून बाजूला केला.

"मामा," लीला खाटेवरून म्हणाली, "फ्रीज नको रे लिहू. त्यात चाचीची सुई आहे."

इस्माईलमामाच्या बायकोला साखरेचा आजार होता. तिचं इन्सुलिन थंड ठेवावं लागायचं, म्हणून हप्त्यानं घेतलेला तो फ्रीज. नियमात फ्रीज म्हणजे फ्रीज. आत काय आहे याला रकाना नव्हता.

मी पुढच्या दारानं बाहेर आलो. माणसांनी मला वाट दिली. ऊन तापलं होतं, कागद डोळ्यात घुसत होता. लिहायला टेकायला जागा बघत होतो.

"हितं बस की, शिदू," इस्माईलमामा म्हणाले. त्यांनी रिक्षातली सीट हातानं झटकली. "सावलीत बस. निवांत लिव."

मी त्यांच्या रिक्षात बसलो. ज्या सीटवर लीलाला आडवं करून न्यायचे, त्या सीटवर. आणि पहिलं नाव लिहिलं : इस्माईल, घर क्रमांक तीन, फ्रीज.

तिरुपतीचं स्टिकर बालामणीचं. दात उमटलेला टीव्ही तिच्या शेजारच्यांचा, ते दात कुणाचे हेही मला माहीत होतं. मिक्सरच्या भांड्यांवर नावं कोरलेली होती, लग्नात आलेली. अकरा वस्तू, अकरा नावं. कुणालाही विचारावं लागलं नाही. आतला माणूस.

मी लिहीत असताना बालामणी पितळी पेल्यात पाणी घेऊन आली. प्यालो.

सरांनी सही केली. कारकून जेवायला गेला.

तीन महिन्यांनी अकरा पिवळी कार्डं केशरी झाली. अक्काचं पिवळं राहिलं. समितीनं सरांची पद्धत उचलली. 'उलट क्रमाची पाहणी' असं तिचं नाव पडलं आणि आणखी चार शहरांत ती राबवली. सरांचं इंग्रजी पुस्तक आलं. सुरुवातीच्या पानावर माझे आभार होते, नाव न घेता : 'माझा एक स्थानिक सहकारी, ज्याच्याशिवाय हे दार उघडलं नसतं.' मला प्रत पाठवली, सही करून. मी ती वाचली नाही. नोकरी मात्र लगेच सोडली नाही, हेही सांगतो. आणखी आठ महिने पगार घेतला.

कार्डं बदलल्यानंतरच्या मंगळवारी मी दवाखान्यात थांबलो होतो. रिक्षा येणार नाही, अक्का पोरीला पाठीवर घेऊन येईल, असं मला वाटत होतं. तशी ती आली असती तर मला बरं वाटलं असतं. गल्लीही माझ्यासारखीच निघाली, असं म्हणता आलं असतं.

रिक्षा आली. वेळेवर आली. इस्माईलमामांनी लीलाला उचलून आत नेलं, बाहेर येऊन हँडल पुसत बसले. मी समोर गेलो.

"मामा..."

"पोरीला आत कापरं भरलंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नर्सला म्हणावं, घोंगडं दे."

अक्का बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तीच दोरा लावलेली पिशवी होती. तिनं कार्ड काढून माझ्यासमोर उघडलं. तिसऱ्या ओळीवर लाल शाईची रेघ होती, वर रेशन ऑफिसचा शिक्का.

"कापून आणलं," ती म्हणाली. "दोन दिवस लाइनीत हुतो. अर्ज बालामणीच्या पोरीनं लिवला. आता फॉर्मवर दोनच हैत, कार्डावर बी दोनच. तुझ्या सायबाला सांग, आता खोटं काय न्हाई राहिलं."

"अक्का, मी तुझ्यासाठीच..."

"हो. म्हाईत हाय." तिनं कार्ड पिशवीत घातलं, दोऱ्याला गाठ मारली. "जा आता. एसटी चुकंल."

त्या कार्डावर लीला पुढं दोन वर्षं जगली. मंगळवार आणि शुक्रवार, एकही चुकला नाही. गेली तेव्हा फोन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केला, अक्कानं नाही.

मी पोचलो तेव्हा उचलून झालं होतं. माणसं ओल्या अंगानं परत येत होती. सगळी गल्ली होती, अकराच्या अकरा घरं. इस्माईलमामांनी खांदा दिला होता. अक्का त्याच कोपऱ्यात बसली होती, जिथं त्या दिवशी फ्रीज होता. मला बघून तिनं पदर पुढं ओढला.

मी दारातच उभा राहिलो. आत जावं की नको, कळेना. मग बालामणी आली. केस पांढरे झाले होते. हातात तोच पितळी पेला. तिनं मला नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळखलं नाही असं नव्हतं. माझ्या पोटात काय जातं आणि काय जात नाही, हे तिला माझ्या आईपेक्षा जास्त माहीत होतं.

पेला तिनं माझ्या हातात दिला नाही. उंबऱ्यावर ठेवला. पदर सारखा केला, दोन पावलं मागं सरली.

"पाणी घ्या, पाव्हणं," ती म्हणाली. "लांबनं आला असशीला."